पाण्यातल्या शहरात दोघी जावा

उत्तमने व्हेनिसच्या सहलीची दोन तिकिटं काढली, एक आईचं आणि एक काकूचं, तेव्हाच तुळजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांत लग्नकार्यापुरतंच बोलणं उरलं होतं. थोरली जाऊ विमलबाई, म्हणजे उत्तमची आई, बाजारात समोर दिसली, तर तुळजाबाई वाट बदलायची. आणि आता एकदम विमान, परदेश?

नेरडीगोंड्याजवळ हायवेला लागून तुळजाबाईचा भाजीचा मळा होता. नवरा गेल्यावर तिने एकटीने वांगी-मिरची लावून तो हिरवा ठेवला होता. गेल्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, बासर नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं, आणि कुठे कोणती नवी कचेरी येणार याच्या अफवांना ऊत आला. त्यातली एक अफवा थेट तिच्या मळ्यावर येऊन बसली. उत्तम प्लॉट पाडून विकायचा धंदा करायचा. मळ्याचं विचारायला तो येऊन गेला, पुन्हा आला, आणि दरवेळी तिने चहा पाजून त्याला वाटेला लावलं. त्यानंतर आला तो सहलीचं घेऊनच.

तरी ती निघाली. जग बघायची हौस होतीच, आणि अंगठा आपलाच आहे, तो आपण कुठे टेकवणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

व्हेनिसमध्ये रस्त्यांच्या जागी पाणीच होतं. घराच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरायच्या, त्यांच्यावर हिरवं शेवाळ. बसऐवजी बोट, कचरा न्यायलाही बोट. एका कालव्यात तर भाजीची बोट लागलेली होती. तुळजाबाईने त्यातलं एक वांगं दाबून पाहिलं आणि जून आहे म्हणून परत ठेवलं. क्षणभर तिला फार मजा वाटली. पण मागून विमलबाईने ऊन लागेल म्हणून आपला पदर तिच्या डोक्यावर धरला आणि मजा गेली. ही बाई विमानात खिडकीजवळची जागा देते, सोबत आणलेली धपाटी आधी तुळजाबाईच्या ताटात वाढते, जुन्या घरातल्या गोष्टी काढून हसते. एवढी माया उगाच नाही, तुळजाबाई मनाशी म्हणायची आणि नुसतं हूं करायची. शिवाय विमलबाईला रोज उत्तमचा फोन यायचा, आणि तो घ्यायला ती बाजूला जायची.

त्या दुपारीही फोन वाजला. सहलीची मंडळी एका चर्चसमोर फोटो काढत होती. विमलबाई पूल ओलांडून एका बोळात शिरली. तुळजाबाई पाठोपाठ गेली, भिंतीला लागून, चपलांचा आवाज न करता.

"थांब नं रे," विमलबाई सांगत होती. "अजून नाई काढला विषय. तिचं मन नरम होऊ दे."

आपला संशय खरा निघाला म्हणून तुळजाबाईला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही.

"मळ्यासाठीच आणलं नं मले?"

विमलबाई दचकली. फोन बंद करून ती तिथल्याच पायरीवर बसली. नाकारायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"हाव. तो म्हणे, परदेश दाखवला का काकू नाई म्हणत नाई. मी म्हटलं, विचारतो."

"काऊन म्हटलं तसं?"

"नाई म्हटलं असतं तर त्यानं त्याच्या सासूले पाठवलं असतं माझ्यासंगं. मले तुले आणायचं होतं." "वाटणी भावाभावांनी केली, तुळजा. आपल्याले कोणी विचारलं? इथं येऊन इतके दिवस झाले, एकदा तरी मळ्याचं नाव काढलं का मी?"

तुळजाबाई आठवू लागली. खरंच काढलं नव्हतं. पण हाही डावच असला तर? तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. विमलबाईने तो घेतला नाही, नुसता धरून बसली. पोराचीच भीती वाटणारी आई तुळजाबाईला समोर दिसली. तिने फोन काढून घेतला.

"उत्तम, मी काकू. तुह्या मायनं मले सगळं इचारलं, चांगलं समजावून सांगतलं. मीच नाई म्हटलं. मळा देयाचा नाई. आता तिले यासाठी बोल लावू नको."

पलीकडून तो काही बोलत होता. तिने फोन बंद केला.

परत जायला निघाल्या तर वाट सापडेना. जो बोळ धरावा तो पाण्याशी जाऊन संपायचा. एक म्हातारा हातवारे करत जवळ आला, तेव्हा तुळजाबाईने पिशवी पोटाशी घट्ट धरली. तो बिचारा त्यांना पुलापर्यंत सोडून, मान लववून निघून गेला. गाइड रागावला होता. दोघींनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि बोटीत चढल्यावर हसू आवरेना.

घरी आल्यावर उत्तम बरेच दिवस घुश्शात होता. कचेरीची अफवा पुढे दुसऱ्याच गावावर जाऊन बसली. विमलबाई बाजारच्या दिवशी मळ्यात येऊ लागली, मिरच्या तोडायला बसू लागली. ती आली की सुरुवातीला तुळजाबाई हायवेकडे बघून घ्यायची, मागे पोराची गाडी तर उभी नाही. गाडी कधी नसायची. पावसाळा सरेपर्यंत तिचं ते बघणंही सुटलं.