काचांची डबी

विठ्ठलरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हॉस्पिटलातल्या खुर्चीवर पसरला, त्यावर कापडी पिशवी ठेवली आणि ते चहा प्यायला बाहेर गेले. जागा धरायची हीच रीत त्यांना ठाऊक होती. उमरखेडच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून दुपट्टा आत टाकायचा. मग दारातून चढेपर्यंत त्या सीटवर बसायची कुणाची बिशाद नसे.

परत आले तेव्हा खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. दुपट्टा नव्हता. पिशवीही नव्हती.

"पिशवी," ते म्हणाले. मग हिंदीत, "मेरा थैला. इधर था."

म्हातारीनं मान दोन्हीकडे डोलवली. ते हो होतं की नाही, कळेना. ते खाली वाकले, खुर्च्यांच्या रांगेखाली पाहून आले. एका बाईनं घाईनं आपले पाय वर घेतले.

पिशवीत एक लहानशी डबी होती. डबीत काचेच्या आठ पट्ट्या आणि मेणात बसवलेले दोन बारके तुकडे. बायकोच्या छातीतल्या गाठीला सुई टोचून ते काढले होते. यवतमाळच्या डॉक्टरांना शंका होती. गाठ कसली ते पक्कं सांगतील म्हणून त्यांनी चेन्नईचं हे हॉस्पिटल सुचवलं होतं. मुलगा ऋतिक येणार होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याची आई ओसरीत घसरली, कंबर धरून बसली, आणि तो घरी थांबला. विठ्ठलराव म्हणाले होते, "काचाच त पोचवाच्या हायेत. मी जातो." पण सुई टोचली त्याच संध्याकाळी बायकोनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "हे एकडाव झालं. पुन्हा कोनाले हात लावू देनार नाई मी." ती बोलली की बोलली. या काचा गेल्या तर दुसऱ्या मिळणार नव्हत्या.

ते झपाझप चालू लागले. एक लांब बोळ, मग दुसरा, मग जिना. दर दारावर पाटी होती आणि पाटीवर गोल गोल अक्षरं, भज्यांच्या घाण्यासारखी. मुलगी निकिता दुसरीत होती तेव्हा तिच्या पाटीवर विठ्ठलराव लिहायला शिकले. तेव्हा ते पंचेचाळीसचे होते. त्यानंतर ढाणकीच्या बाजारातली एक पाटी त्यांनी वाचायची सोडली नाही, खतांच्या पोत्यांवरचीसुद्धा. इथं उतरल्यापासून ते पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. कुठं जायचं ते लोकांच्या तोंडाकडं पाहून ओळखायचं.

ऋतिकनं मोबाइलमध्ये बोललेलं तमिळ करून देणारं काहीतरी टाकून दिलं होतं. पण मोबाइलला वऱ्हाडी समजत नसे. काल त्यांनी जेवण कुठं मिळेल ते विचारलं, तर समोरच्यानं ऐकून हात जोडले होते आणि देवळाकडं बोट दाखवलं होतं.

वळणावर एक पहारेकरी उभा होता. विठ्ठलरावांनी त्याचं मनगटच धरलं. तो दचकला. मग त्याच्यासमोर त्यांनी हवेत दुपट्टा झटकला, पसरला, त्यावर पिशवी ठेवली, दोन पावलं बाजूला जाऊन चहा प्याले, फुंकर मारून, आणि परत येऊन रिकामे हात दाखवले. पहारेकरी हसायला लागला. मग त्यांचे डोळे पाहून थांबला आणि चालू लागला, मागं न पाहता.

तळघरातल्या एका खोलीत टेबलामागं पहारेकऱ्यांची मुख्य बाई बसली होती. मागच्या फळीवर बेवारस सामान होतं. दोन छत्र्या, एक जेवणाचा डबा, आणि घडी घातलेल्या दुपट्ट्यावर त्यांची पिशवी. विठ्ठलराव पुढं झाले. बाईनं हात आडवा केला.

ती बरंच बोलली. मोकळी खुर्ची, एकटी पिशवी, हात उडवून केलेला मोठा धमाका, एवढं त्यांना कळलं.

"मई वैसा आदमी नई, बाई," ते म्हणाले. "शेतकरी हूं. कापूस. कापूस." आणि त्यांनी हवेतलंच एक बोंड वेचून दाखवलं.

बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. तिनं डबी बाहेर काढली. झाकणावर पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर निळ्या पेनानं तीन शब्द लिहिले होते. ते तिला वाचता येत नव्हते. तिनं थोडा विचार केला आणि एक कोरा कागद व पेन त्यांच्याकडं सरकवलं.

विठ्ठलरावांनी चष्मा लावला. ते उभ्यानंच लिहू लागले. पेन नांगरासारखं दाबून धरायची त्यांची सवय होती. लीलाबाई विठ्ठलराव नरवाडे. 'बा'चा काना खाली घसरला, पट्टीवर घसरला होता तसाच. बाईनं कागद आणि डबी शेजारी शेजारी धरली. एकेका आकारावर बोट ठेवत ती सावकाश पुढं गेली, निकिताच्या पाटीवर एके काळी ते जात तसं. मग पहिल्या शब्दावर बोट टेकवून तिनं भुवया वर केल्या.

बेचाळीस वर्षांत त्यांनी हे नाव तोंडानं घेतलं नव्हतं. ऋतिकची माय, नाहीतर नुसतं 'आयकलं का'.

"लीलाबाई," ते म्हणाले.

"लीला," बाई म्हणाली आणि डबी त्यांच्या हातात दिली.

वर आले तेव्हा काचा द्यायच्या खिडकीवर त्यांचा नंबर लागायला दोनच माणसं उरली होती. मोबाइल वाजत होता. बायकोचा फोन.

"किती फोन केले मी! काय करून राह्यले तुमी? जेवले का?"

"भात खाल्ला."

"अन् काल?"

"भातच."

"घरी या मंग, भाकरीले पाहून रडान तुमी." ती हसली. मग म्हणाली, "देल्या का काचा?"

नाही म्हणून संपवता आलं असतं. पण ते बोलून गेले.

"हरपल्या होत्या. पिशवीच उचलून नेली लोकाइनं. घंटाभर हिंडलो. आता भेटल्या."

त्यांना वाटलं, फोन कटला.

"आयकलं का? भेटल्या म्हन्तो."

"कशाले भेटल्या?" ती म्हणाली.

विठ्ठलराव उभे राहिले. पुढचा माणूस खिडकीपासून बाजूला झाला. काचेच्या फटीतून एक हात बाहेर आला, रबरी मोजा घातलेला, तळवा वर केलेला. त्यांनी डबी पोटाशी धरली.

"तूच त म्हनली होती, सांगन डॉक्टर काय ते."

"म्हनाले काय जाते. रातभर म्या देवाले नुसतं तेच मागलं. रस्त्यात पडाव्या, फुटाव्या. तुमाले कोनी बोल लावू नाही, अन् मले कोनी काई सांगू नाही."

रांगेतून कुणीतरी काहीतरी म्हणालं. आणखी एक जण मोठ्यानं बोलला. त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं, याचं या शहरात पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं. खिडकीतला हात दोनदा हलला.

गाठ दिसली तेव्हा, डॉक्टर ठरवला तेव्हा, तिकीट काढलं तेव्हा, कुणी तिला विचारलं नव्हतं. त्यांनीही नाही.

"मंग देऊ का नको?" ते म्हणाले. "तू सांग. तू म्हनशीन तसं."

तिच्याकडं कोंबडी ओरडत होती आणि कुणी तरी बादली ओढत होतं. मागच्या माणसानं त्यांच्या खांद्याला हात लावला. ते हलले नाहीत.

"मांगं लोक कल्ला करून राह्यले ना?" ती म्हणाली.

"करू दे."

"किती जन हायेत?"

त्यांनी वळून पाहिलं. "असतीन पंधरा-वीस."

"त्याइच्याबी घरी कोनी बसलं असन ना, फोनची वाट पाहत." तिनं नाक ओढलं. "द्या मंग."