तिने डबा लगेच परत का केला नाही?

आमच्या शाळेत दहावीच्या इंग्रजी साहित्याच्या पेपरसाठी दर वर्षी एक सराव-संच छापतात. त्यात एक अनोळखी उतारा असतोच, कारण शैलजा मिस म्हणतात, धड्यांची उत्तरं पाठ होतात, वाचता येतं की नाही ते अनोळखी उताऱ्यावरच कळतं. यंदा तो उतारा शोधायचं काम मिसनी मला दिलं. मला! आठवीत नागपूरहून बेंगळुरूच्या येलहंका भागात आले तेव्हा पाणी प्यायला जाऊ का, एवढं इंग्रजीत विचारायचीही मी मनात तालीम करायचे. आणि आता स्टाफरूमच्या दारात उभी राहून सांगत होते, "मिस, शोधायला कशाला हवा? माझ्याकडे आहे. गाइडमधल्या सगळ्या उताऱ्यांहून भारी."

तो उतारा वीणाअक्कांचा होता.

अक्का आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत, त्यामुळे मराठी बोलताना मधेच 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी' म्हणायच्या, 'जरा थांब'च्या जागी 'स्वल्प थांब' म्हणायच्या. माझ्या आईला सुरुवातीला वाटलं, या आपल्याला कसला तरी श्लोक म्हणून दाखवतायत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायच्या. गाइड उघडलेलं त्यांना खपायचं नाही. सरावाचे उतारे स्वतः लिहायच्या, आणि तेही मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, कारण त्यांचे यजमान मधुकरकाका दर वर्षी हौसेने दुप्पट पत्रकं छापून आणायचे. आम्ही 'पात्राच्या स्वभावाविषयी लिहा' सोडवत बसायचो आणि कागद उलटला की 'महाप्रसाद दुपारी साडेबारा'. भूक लागायची हो!

अक्कांची एक पद्धत होती. उतारा वाचला की लगेच पेन धरायचं नाही. उठायचं, दाराबाहेर जायचं, बेल वाजवायची. अक्का दार उघडून अगदी शेजारणीच्या थाटात विचारायच्या, "काय गं, काय झालं?" मग उताऱ्यात जे घडलं ते जिन्यातली बातमी असल्यासारखं सांगायचं, ज्याच्या घरी जी भाषा असेल त्या भाषेत. माझी मैत्रीण रक्षिता कन्नडमध्ये हातवारे करून असं सांगायची की समोरचं कुत्रंसुद्धा बसून ऐकायचं. सांगून झालं की अक्का म्हणायच्या, "सरी. आता हेच इंग्रजीत लिहा."

तर तो उतारा. एका इमारतीत एक बाई नवीन राहायला येते. वरच्या मजल्यावरची शेजारीण तिला स्टीलच्या डब्यातून चकल्या पाठवते. मुलं चकल्या फस्त करतात. बाई डबा घासते, पुसते, फळीवर ठेवते. जिन्यात शेजारणीची चाहूल लागली की ती हळूच दार लावून घेते. कितीतरी आठवड्यांनी एका सकाळी ती डबा घेऊन वर जाते आणि हसत बेल वाजवते. संपला उतारा. चौथा प्रश्न होता, तिने डबा लगेच परत का केला नाही?

आठवीत पहिल्यांदा हा उतारा आला तेव्हा सगळ्यांनी फाडफाड इंग्रजीत लिहिलं, ती विसराळू आहे, ती लाजाळू आहे. माझं इंग्रजी लंगडत होतं. मी लिहिलं, घरात काही नव्हतं, रिकामा डबा कसा देणार. क्रियापद एकही धड नव्हतं. अक्कांनी माझा कागद उचलला, वर्गाला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "हिला वाचता येतं. लिहायला आपण शिकवू." त्या दिवशी मी घरी जिना चढून गेले नाही, उडत गेले. खरं सांगायचं तर आजही पुरती खाली उतरलेली नाही.

म्हणून मला तोच उतारा संचात हवा होता. आणि घाई अशी होती की अक्का जाणार होत्या. त्यांच्या मुलाने, क्षितिजदादाने, दूर विमानतळाजवळ, देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, घर बांधलं होतं आणि रविवारी सामान हलणार होतं. इतकी वर्षं उतारे लिहिले, पण अक्कांचं एकही वाक्य कधी छापलं गेलं नव्हतं. मी ठरवलं होतं, जाण्याआधी त्यांच्या हातात छापील संच ठेवायचा.

मिसनी उतारा वाचला. "छान आहे. उद्या वर्गात सोडवून बघू."

दुसऱ्या दिवशी वर्गात सोडवला आणि माझा पार फज्जा उडाला.

तनय, जो हेब्बाळला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो आणि हे सगळ्यांना सांगतो, त्याने लिहिलं होतं की बाईला डबा आवडला म्हणून तिने ढापला, नंतर मन खात राहिलं. बऱ्याच जणांनी 'बेजबाबदार' लिहिलं. मी उभी राहून खरं उत्तर सांगितलं तर वर्गात हशा.

"रिकामा दिला तर काय होतं?" तनय म्हणाला. "आमच्याकडे जेवण येतं, डबे धुऊन आम्ही ठेवतो. कोण परत मागतंय?"

"ते हॉटेलचे रे! शेजारणीच्या डब्यात काहीतरी घालूनच परत करतात."

"हे उताऱ्यात कुठे आहे? ओळ दाखव!"

ओळ दाखव! साहित्याच्या पेपरात हाच तर नियम, उत्तराला उताऱ्यातला पुरावा हवा. मी कागद वरून खाली वाचला. ओळ नव्हती. मी रक्षिताकडे बघितलं. तिची अज्जी तर डब्यात निदान चमचाभर साखर घातल्याशिवाय डबा परत करत नाही, मी स्वतः बघितलंय. पण रक्षिता पुटपुटली, "अय्यो स्वानंदी, मला माहितीये, पण तो म्हणतोय ते बरोबर आहे ना."

मिस म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण. नाहीतर मी गाइडमधला घेते."

संध्याकाळी अक्कांकडे गेले. खोलीभर खोके. अक्का मधोमध खाली बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या, कारण बेंगळुरूच्या थंडीत घर हलवायचं असलं तरी शेंगा थांबत नाहीत. मी तनयला शिव्या देतच आत शिरले. सगळं ऐकून अक्का म्हणाल्या,

"बरोबर बोलला तो."

"अक्का!"

"अगं, मी हे लिहिलं तेव्हा दाराला दार लागलेली घरं होती. ओळ लिहायची गरजच नव्हती, ती वाचणाऱ्याच्या घरात होती. आता नाही. राहू दे गं. दे तो गाइडमधला."

"मुळीच नाही. आपण ओळ घालू. 'बाई गरीब होती.'"

"छे! आठवडेच्या आठवडे दार लावून तिने जे झाकलं, ते तू चौकात सांगणार?"

"मग, 'रिकामा डबा परत न करण्याची पद्धत असते'?"

"म्हणजे उत्तरच छापायचं. त्यापेक्षा गुणही तूच वाटून टाक."

मी खोक्यावर बसून राहिले. फळी रिकामी होती, भिंतीवर फोटोंचे पांढरे चौकोन. इथे आम्ही दाटीवाटीने बसायचो, रक्षिताचं कोपर माझ्या बरगडीत असायचं. मी नखाने खोक्याची चिकटपट्टी सोलायला लागले. अक्कांनी बघितलं असावं, कारण त्या हातातली शेंग टाकून म्हणाल्या, "ऊठ. बाहेर जा."

"काय?"

"बेल वाजव."

बेल काढून खोक्यात गेली होती. मी दार ठोठावलं. अक्कांनी उघडलं, पदराला हात पुसत. "काय गं, काय झालं?"

आणि मी सुरू झाले. "अहो, काय सांगू, खालच्या मजल्यावर ती नवीन बाई आलीये ना, तिच्याकडे वरच्यांनी चकल्या पाठवल्या. पोरांनी दाणा ठेवला नाही! हिने डबा घासला, लख्ख पुसला, आणि मग बिचारीने फळीवरचा एकेक डबा उघडून बघितला, झाकणं परत लावली आणि शेजारणीचा डबा त्यांच्याच रांगेत ठेवून—"

"थांब. स्वल्प थांब. झाकणं लावली हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये... पण बघितलंच असणार ना तिने! त्याशिवाय कशाला दार लावून घेईल?"

अक्का हसल्या. आठवीत हसल्या होत्या तशाच. "मग लिही की."

दाराच्या चौकटीला टेकून मी ती ओळ इंग्रजीत लिहिली. अक्कांनी त्यातलं 'बिचारी' खोडलं, 'रिकामे' हेही खोडलं. "झाकण लावलं म्हटल्यावर आत काय होतं ते कळतं." मी भांडले, 'रिकामे' तरी ठेवा म्हणून. नाही म्हणजे नाही.

शुक्रवारी मिसनी उतारा पुन्हा वर्गाला दिला. मी बाकावर बसून नखं खात होते. वर्गात वाचायचा आवाज नसतो, पण कोण कुठल्या ओळीवर पोचलंय ते मला दिसत होतं, कारण त्या ओळीशी माना थांबत होत्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर वर्गात बोललेली नाही, ती मिसना म्हणाली, "मिस, तिच्याकडे घालायला काहीच नव्हतं." मग कुणीतरी म्हणालं, आमच्या आजीकडे असंच असतं. रक्षिताने तर अज्जीचं नाव घेऊन भाषणच ठोकलं.

मिसनी उतारा घेतला. वर नाव घातलं, वीणाअक्कांचं, आणि 'माझं नको' या माझ्या हट्टाला न जुमानता खाली बारीक अक्षरात माझंही.

पण छापखान्याने उशीर केला. संच सोमवारी आला आणि अक्का रविवारीच गेल्या होत्या. मी फोन केला. मागून विमानाचा आवाज येत होता; देवनहळ्ळीत म्हणे तो दर थोड्या वेळाने येतो, आणि मधुकरकाका प्रत्येक विमानाला मान वर करतात.

"अक्का, छापला! पान सात! मी शनिवारी घेऊन येते!"

"सरी, सरी. आधी सांग, मुलांना कळलं?"

"जवळजवळ सगळ्यांना!"

मग अक्का म्हणाल्या, "मग जास्त सांगितलं गं आपण. ती ओळ अजून स्वल्प छाटायला हवी होती."

"नाही अक्का, तनयला नाही कळलं! त्याने या वेळी लिहिलंय, तिला झाकणांचा आवाज आवडतो."

अक्का इतक्या हसल्या की काकांनी फोन घेऊन विचारलं, काय झालं म्हणून. मग मी तेही सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मराठीत, जिन्यातली बातमी सांगावी तसं.