फ्रान्सवाल्यांनी दिलेलं पाणी

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसा देवणीच्या अलीकडच्या त्या गावाला नवा जिल्हा मिळाला. लातूर जिल्हा झाला म्हणून लोकांनी गुलाल उधळला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात टँकरसाठी तीच माणसं दारोदार फिरू लागली. उस्मानाबादच्या कचेरीत साहेब म्हणायचा, तुम्ही आता लातूरचे. लातूरचा साहेब म्हणायचा, अजून आमच्या खुर्च्या यायच्यात, थांबा. यथावकाश खुर्च्या आल्या, टँकर काही आला नाही. होळीआधीच गावविहिरीचा तळ दिसू लागला.

पाणी उरलं ते फक्त बौद्धवाड्याच्या विहिरीला. ती विहीर वाड्यानं स्वतःच्या हातांनी खोदली होती, कारण गावविहिरीवर त्यांना कुणी चढू देत नव्हतं. ही विहीर व्हायच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळातही, वाड्यातल्या बायका गावविहिरीपाशी घागरी घेऊन ताटकळत बसायच्या. कुणाला दया आली आणि त्यानं वरून ओतलं, तरच पाणी. आता त्याच गावची माणसं वाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे पोलीस पाटील मलप्पा.

वाड्यात शब्द चालायचा केरबाचा. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा ट्रक चालवून आलेला हा म्हातारा, ताठ चालायचा आणि कमी बोलायचा. त्यानं गाववाल्यांना थांबायला सांगितलं आणि वाड्यातली माणसं गोळा केली.

"एक थेंब द्यायचा न्हाई," त्याची बायको पारूबाई आधीच कडाडली. "माझी सासू त्यांच्या विहिरीवर रडलेली म्या ह्या डोळ्यांनी पाह्यलीय."

केरबानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्यानं फ्रान्सची गोष्ट काढली. ती वाड्यानं याआधीही ऐकली होती, पण तेव्हा कुणाच्या गळ्याशी आलेलं नव्हतं.

"आमच्या तळावर फ्रान्सवाल्यांची लई थट्टा व्हायची," तो म्हणाला. "नेपोलियनचं नाव सांगतेत अन् जर्मन आला की दीड महिन्यात पॅरिस देऊन बसतेत. गोरे सोजीर हसायचे, आमीबी हसायचो. मग वाळवंटात दुश्मनानं आमाला धरलं. इतक्या कैद्यांना पाजायला त्याच्याजवळबी पानी नव्हतं, म्हणून दिलं सोडून. जा, मरा कुठंबी. जीभ टाळूला चिकटलेली, तसंच चालत बीर हकीमच्या ठाण्यात पोचलो. आत हेच फ्रान्सवाले. भवताली वेढा, त्यानला सोताला मापून पानी. तरी त्यातलं आमाला दिलं. काल तुमी आमाला हसले का, असं कुणीबी इचारलं न्हाई. पुढं तोफांच्या माऱ्यात त्यांनी ते ठाणं धरून ठेवलं अन् वेढा फोडून भाईर निघाले. तवापासून म्या कुनाला पळपुटा म्हणलो न्हाई."

पुतण्या किशन तेवढा बोलला, "काका, फ्रान्सवाल्यानला तुमच्यासंगं जलम काढायचा नव्हता. आपल्याला ह्यांच्यासंगं काढायचाय."

हे खरं तर लाखमोलाचं बोलणं होतं. पण केरबाच्या कानात त्या वाळवंटातल्या पाण्याचा आवाज होता, आणि अशा माणसाला शहाणपण ऐकू येत नाही. त्यानं गावाला पाणी भरायला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव विहिरीवर आलं ते आपापला दोर आणि आपापला पोहरा घेऊन. वाड्याच्या दोराला त्यांना शिवायचं नव्हतं. पाणी चालत होतं, दोर चालत नव्हता! किशननं केरबाकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता फक्त, की आमच्या दोरानं ओढणार असाल तर ओढा, नाहीतर चालू लागा. लढाई बघून आलेल्या त्या माणसानं मान खाली घातली.

"तहान मोठी हाय, जाऊ दे," तो म्हणाला. चुकलं ते इथंच.

दोन वस्त्यांचं ओझं त्या विहिरीला कुठून पेलणार? अक्षयतृतीयेपर्यंत पोहऱ्यात गाळ येऊ लागला. तोच गाळ फडक्यानं गाळून वाडा प्यायला आणि घरोघर जुलाब सुरू झाले. पारूबाई अंथरुणाला खिळली. तिचे ओठ फुटले, बोलणं पुसट झालं. केरबा तिच्या उशाशी बसून राहायचा, आणि आपण काय करून बसलो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात टँकर आला. गावचा टँकर म्हणून तो गावविहिरीत रिकामा झाला. वाडा घागरी घेऊन धावला. विहिरीच्या वाटेवर मलप्पा हात आडवा करून उभा होता.

"आधी गावाचं होऊ द्या," तो म्हणाला. मग त्याला केरबा दिसला. "केरबा, तू ये. तुझे उपकार हायेत आमच्यावर. बाकीच्यांनी दम धरा."

केरबानं मागं वळून पाहिलं. किशन होता. काखेत घागर घेतलेली सरजाबाई होती, तिच्या घरी दोघं आजारी. काय बोलायला हवं ते केरबाला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांना द्या, नाहीतर मलाही नको. शब्द ओठांवर आले होते. पण घरी पारूबाई पडली होती, आणि ती संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याचा भरवसा नव्हता.

त्यानं घागर पुढं केली. कुणीतरी वरून पाणी ओतलं, घागरीला पोहरा लागणार नाही इतक्या उंचावरून. भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो आपल्या माणसांमधून चालत गेला. त्यांनी वाट सोडली. कुणी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी त्यानं पारूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. दोन घोट पिऊन ती थांबली.

"समद्यानला मिळालं का?"

"हाव," केरबा म्हणाला.

"गाववाल्यांनी दिलं?"

"दिलं."

"मंग म्या उगंच भांडले तुमच्यासंगं," ती म्हणाली. "तुमचंच खरं निघालं." आणि तिनं पाण्यासाठी पुन्हा तोंड उघडलं.