मिटलेली पिसं

रशीदभाईंच्या ओठांत नेहमी दोऱ्याचं एक टोक असे. त्यामुळे त्यांचं बोलणं तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, जरासं तिरपं आणि ओलसर होऊन बाहेर पडे. आश्विनातलं सकाळचं ऊन वडशाच्या त्या अरुंद दुकानात शिरलं की सर्वांत आधी त्या दोऱ्यावर यायचं. रेशमाचा तो तंतू क्षणभर पेटल्यागत दिसायचा, मग ते ऊन त्यांच्या बोटांवर उतरायचं आणि शेवटी बोटांच्या चिमटीत धरलेल्या इवल्याशा गळावर स्थिरावायचं. आज त्यांचा चेहरा समग्र आठवायला मला थोडे कष्ट पडतात. तो दोरा मात्र विनासायास आठवतो.

धंद्यानं ते झाडीपट्टीच्या नाटकांचे कपडे शिवत. दिवाळी सरली की गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकं उभी राहतात, आणि त्या चार महिन्यांत रशीदभाईंच्या मशीनला उसंत नसे. राजाचा अंगरखा, नर्तकीचा घागरा, मुकुटावरचा तुरा, सारं त्यांच्या हातचं. टेम्पोतून गावं पालथी घालताना तुऱ्याची पिसं मोडू नयेत म्हणून ते त्यांना धावड्याच्या डिंकाचा हलका हात देत. कुरखेड्याकडच्या रानातून बाया तो डिंक घेऊन येत, आणि रशीदभाई एकेक खडा उन्हात धरून पारखत बसत. एके वर्षी ऐन मंडईत अवकाळी पाऊस झाला आणि ताठ मानेनं गेलेला राजाचा तुरा पार फुलून, विस्कटून परत आला. नाटक कंपनीचा माणूस हिरमुसला होता, रशीदभाई मात्र हसले आणि म्हणाले, "डिंकाचं असंच आहे. पानी दिसलं का तो पकड सोडून देते." मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, हे इथंच सांगून ठेवतो.

भाद्रपद ते दिवाळी हा त्यांचा स्वतःचा काळ. उरलेली जर, रेशमाचे तुकडे, कोंबड्याच्या मानेवरची तांबूस पिसं यांतून ते गळावर माशी बांधत. पाण्यावर उतरणाऱ्या किड्याची हुबेहूब नक्कल, आत पोलादाचा आकडा. ही विद्या त्यांना बदलून गेलेल्या एका वनाधिकाऱ्यानं दिली होती. त्यानंच जाताना एका जुन्या मासिकातलं रंगीत पान फाडून दिलं, त्यावर अंगभर ठिपके ल्यालेला ट्राउट मासा. बर्फाच्या पाण्यात राहणारा आणि उडत्या किड्यावर झेपावणारा तो मासा मशीनच्या वरच्या भिंतीवर कित्येक वर्षं चिकटून होता. शिवता शिवता रशीदभाईंची नजर वर जाई आणि मशीनचा आवाज किंचित मंदावे.

आम्ही तिघं गळवेडे. रशीदभाई, शाळेत भूगोल शिकवणारा मी, आणि मारोतभाऊ, जातीचा ढीवर, ज्याच्या सात पिढ्या वैनगंगेच्या पाण्यात गेल्या. रविवारी कुरखेड्यापलीकडे सती नदीच्या खडकाळ वळणावर आमची बैठक भरे. पावसाळ्याचा गढूळपणा निवळून पाणी काचेसारखं झालेलं असे, आणि काठावर मासे कमी व मासेगप्पा जास्त अशी आमची मिळकत. हुकलेली मरळ दर रविवारी वीतभर वाढायची. गळवाल्यांच्या खोटेपणाला आमच्यात पूर्ण माफी होती. मारोतभाऊ माशीची यथेच्छ टर उडवी.

"रशीदभाई, गपचूप गांडूळ लावा ना. कायले एवढी मगजमारी करून राह्यले?"

"गांडूळ खानारा मासा भुका असते, मारोतभाऊ," रशीदभाई दोऱ्याआडून म्हणत. "माशीवर येनारा मासा शौकीन असते. शौकिनाले फसवाले मेहनत लागते."

मग ते माझ्याकडे वळत आणि भिंतीवरच्या त्या माशाच्या मुलखाबद्दल विचारत. तिथलं पाणी किती थंड असन, मास्तर? तिथं झाडी कोनती? किडे कोनत्या महिन्यात निघतात? मी नकाशावरून पर्वत ओळखणारा माणूस. पण ऐटीत उत्तरं देत असे, आणि ते ती उत्तरं जपून ठेवत. पुढच्या आठवड्यात माशीचा रंग एक छटा गडद झालेला दिसे. माझ्या फुशारकीवरही त्या माणसाची बोटं इतक्या श्रद्धेनं चालत, हे तेव्हा मला फार गमतीचं वाटायचं.

निवृत्तीनंतर लेकीनं आम्हा नवराबायकोला हिमाचलला, त्या ट्राउटच्याच मुलखात, नेण्याचं ठरवलं. बातमी कळली तसं रशीदभाईंनी शिवणाचं काम बाजूला सारलं आणि आठ दिवस खपून एकच माशी बांधली. विड्याच्या पानाच्या चपट्या डबीत, कापसाच्या गादीवर ती त्यांनी माझ्या हाती दिली. गळाच्या दांडीला पिसं अगदी चापून बसलेली, झोपलेल्या पाखरासारखी. नेहमीच्या माश्यांची पिसं मोकळी, भुरभुरणारी असत. फरक मला दिसला, पण विचारायचं सुचलं नाही.

"एकडाव पान्यात सोडून पाहा, मास्तर. घेतला तं घेतला. नाई घेतला तं नाई म्हनून सांगा. मले फक्त माहीत करून घ्याचं आहे."

इतकंच मागणं होतं. आयुष्यभरात त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला स्मरत नाही.

ती नदी मी पाहिली. देवदारांच्या काळ्या सावल्यांतून उतरणारं हिरवंनिळं पाणी, गोट्यांवरून फुटणारा फेस, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात खरोखरच पाण्यावर नाचणारे किडे. रशीदभाई तिथं असते तर बोलले नसते, नुसते उभे राहिले असते. काठावर चार जण मासेमारी करत होते. मांडीपर्यंतचे रबरी बूट, लखलखत्या काठ्या, कप्प्याकप्प्यांच्या पेट्या. परवाना, भाड्याची काठी, सगळं समोरच्या टपरीवर मिळत होतं. माझा हात खिशात त्या डबीवर होता. त्यांच्यातल्या एकानं हसून विचारलं, "भाईसाब, आप भी?" आणि मी म्हणालो, "नहीं नहीं, बस देख रहा हूँ।"

हे मी का म्हणालो, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. मला लाज वाटली. त्या लखलखत्या पेट्यांसमोर पानाची डबी उघडून नाटकाच्या जरीतून उरलेली माशी काढायची मला लाज वाटली. मी अर्धा तास काठावर उभा राहिलो, बायकोचे दोन फोटो काढले आणि गाडीत जाऊन बसलो.

वडशाला परतलो त्या सकाळी दुकानात मशीन चालू होतं. मला पाहताच त्यांनी हातातलं कापड बाजूला केलं, पण पाय सवयीनं चालत राहिला आणि चाक फिरत राहिलं.

"लागला?"

"लागला," मी म्हणालो.

एका शब्दानं भागलं असतं तर बरं झालं असतं. पण खोट्याला हातपाय फुटतात, आणि माझ्या जिभेला तर रविवारांची सवय होती. मी म्हणालो, दुसऱ्याच फेकीला उसळला, वीतभर होता, पोट सोनेरी, परवान्याच्या नियमानं परत सोडून द्यावा लागला. मग पुरावा म्हणून डबी उघडून माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उन्हात धरली. अंगठ्याचं नख पिसांवरून हलकेच एकदा फिरवलं. मशीनचं चाक सावकाश होत होत थांबलं, तोवर ते काही बोलले नाहीत. मग ओठांतला दोरा काढून ठेवला, जे ते कधीच करत नसत, आणि म्हणाले, "मस्त. कसा ओढला, ते सांगा." मी सांगितलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

पुढे तो किस्सा दुकानाचा झाला. नाटकातले नट माप द्यायला येत, तेव्हा रशीदभाई स्वतःहून विषय काढत: आपले मास्तर हिमालयात जाऊन आले, आपल्या वडशाच्या माशीवर त्याहिनं मासा काढला. एवढं सांगून ते थांबत, माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "बाकी मास्तरच सांगतीन." ती नजर मला कृतज्ञतेची वाटे, आणि मी उत्साहानं एखादा नवा तपशील जोडत असे. मासा वीतभराचा दीड वीत झाला. वर्षभरात भिंतीवरचं ते रंगीत पान एका नव्या नाटकाच्या पोस्टराखाली गेलं. त्यांनी पुन्हा कधी बर्फाच्या पाण्याबद्दल विचारलं नाही. मी समजलो, इच्छा पुरी झाली. किती शहाणा माणूस मी.

गेल्या पावसाळ्यात त्यांची छाती धरली ती सुटली नाही. भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून खिडकीतल्या पावसाकडे पाहत होते. ओठांत दोरा नव्हता, म्हणून चेहरा अनोळखी वाटत होता. "सतीचं पानी निवळाले अजून टाइम आहे, नाई मास्तर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग बराच वेळ नुसता पाऊस वाजत राहिला. त्या वेळात एक वाक्य सहज मावलं असतं. मी त्यांच्या औषधांच्या वेळा विचारत बसलो.

ते गेले, आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी दुकानात गेलो. त्यांची लेक नसीम आता मशीनवर बसते. तिनं मण्यांच्या कप्प्यातून ती पानाची डबी काढली.

"अब्बा म्हनत होते, ही मास्तरची आहे, त्याहिलेच देजो."

तिनं सहज झाकण उघडलं, माशी उचलली, आणि बापासारखीच उन्हात धरली.

"पन सर, ही तं पान्यात गेलीच नाई. डिंक जसाच्या तसा आहे." तिच्या आवाजात नवलाखेरीज काही नव्हतं. "मीच घोटला होता. लंब्या सफरीत पिसं मोडू नाई म्हनून अब्बांनी लावाले सांगितला. पान्यात पडली का पिसं उघडतात."

बोलता बोलता ती थबकली. तिनं तो किस्सा शंभरदा तरी ऐकला होता. तिनं माशी पुन्हा कापसावर ठेवली आणि झाकण लावलं.

"त्यांना कळलं असेल?" मी विचारलं.

"अब्बाले?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "डिंक नुसता हातात घेऊन कोनत्या जंगलातला आहे ते सांगत होते, सर." मग "चहा मांडतो" म्हणून ती आत गेली.

चाक थांबेतोवरची ती शांतता मला तेव्हा समजली. पहिल्याच सकाळी त्यांनी सगळं वाचलं होतं: मासा लागला नाही, माशी पाण्यात पडली नाही, ती डबीबाहेर निघालीच नाही. का निघाली नाही, हेसुद्धा त्यांच्यासारख्या माणसाला ओळखू आलं असेल, आणि त्या विचारानं माझी मान आजही वर होत नाही. तरी गावभर माझा मोठेपणा त्यांनीच मिरवला. दर वेळी वाक्य अर्ध्यावर सोडून माझ्यासाठी जागा ठेवली, आणि मी दर वेळी त्या जागेत मासा वाढवून ठेवला. 'नाई घेतला तं नाई म्हनून सांगा,' असं म्हणणाऱ्याला मी 'नाही'देखील दिलं नाही.

काल मी मारोतभाऊला घेऊन सतीच्या वळणावर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता आपल्या काठीचा दोरा गुंडाळत होता. "त्याले सांगाचं होतं, मास्तर," एवढंच म्हणाला आणि आपली काठी उचलून वरच्या खडकाकडे निघून गेला.

डबी उघडून मी पुष्कळ वेळ बसून होतो. कोरडी ठेवली तर ती माझ्या खोट्याची साक्ष होती, आणि त्यांच्या मौनाचीही. ओली केली तर दोन्ही वाहून जाणार होतं. शेवटी दोऱ्याला बांधून मी ती पाण्यावर सोडली. प्रथम काहीच झालं नाही. मग एक पीस सुटलं, मग दुसरं, आणि पाहता पाहता सारी तांबूस पिसं पसरून ती माशी प्रवाहावर थरथरत उभी राहिली, इतकी जिवंत की माझा हात आपोआप मागे आला. कुठल्याही शौकिनानं घेतली असती. घेतली असती, हे मला आता ठाऊक आहे. आणि ज्याला एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, त्याच्यापर्यंत जाणारं पाणी केव्हाच वाहून गेलं आहे.