बाळाला-बघ

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहणार नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे. बेंगळुरूत के. आर. पुरम स्थानकाच्या पलीकडे एक मोठं रुग्णालय आहे. तिथल्या औषधालयामागच्या खोलीत एका खरखरणाऱ्या मशीनमध्ये मी राहतो. डॉक्टर रुग्णाचं वय, वजन आणि औषधाचं नाव भरतात. मी डोस काढतो आणि बाटलीवर चिकटवायचं लेबल छापतो. काम एवढंच, पण त्यात चुकून चालत नाही.

माझी भाषा कोबोल. आजची मुलं हे नाव ऐकून हसतात. हसू द्या. हणमंतरावांनी मला लिहिलं तेव्हा ही भाषा येणाऱ्याला लोक खुर्ची देत. हणमंतराव येलहंक्याचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण ती उंबऱ्याच्या आत. बाहेर कन्नड आणि कागदावर इंग्रजी. मग मराठी लिहायची कुठे? ती त्यांनी माझ्यात लिहिली. प्रोग्रामात लहान लहान परिच्छेद असतात आणि प्रत्येकाला एक नाव लागतं. बाकीचे लोक इंग्रजी नावं देत. हणमंतरावांनी रोमन अक्षरांत घरातली नावं दिली: ‘वजन-घे’, ‘डोस-काढ’, ‘बाळाला-बघ’, ‘लेबल-छाप’. साहेबांनी विचारलं तर म्हणत, "मशीनला कुठलंही नाव सरी, सर. ते काय वाचतंय होय?" सरी म्हणजे कन्नडात ‘ठीक’.

यातला ‘बाळाला-बघ’ माझा सर्वांत लाडका. नवजात बाळाची मूत्रपिंडं कच्ची असतात. नुसत्या वजनावर औषध मोजलं तर काही औषधं अंगात साठत जातात आणि बाळाचा घात होतो. म्हणून ‘डोस-काढ’ने काढलेला आकडा ‘बाळाला-बघ’ तपासायचा आणि नवजाताचा असेल तर कमी करायचा. गंमत अशी, की बाकीच्यांना नावाने हाक जायची, पण त्याला कधी कोणी बोलावलं नाही. माझ्या भाषेत वरचा परिच्छेद संपला की पाय आपोआप खालच्या परिच्छेदात पडतो. जिना उतरताना पुढच्या पायरीला कोणी हाक मारतं का? तसंच ते होतं. इतकी वर्षं तो न बोलावता येत राहिला आणि कितीतरी बाळं धडधाकट घरी गेली.

पण नव्याचा काळ आला. मशीनचे सुटे भाग मिळेनात. हणमंतराव केव्हाच निवृत्त झाले होते आणि माझी भाषा जाणणारा माणूस रुग्णालयात उरला नव्हता. व्हाइटफील्डच्या एका कंपनीला काम दिलं गेलं: मला कोबोलमधून जावा नावाच्या भाषेत न्यायचं. तेही माणसाने लिहून नव्हे, तर एका भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने. एका टोकाकडून माझा घास घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने जावा बाहेर काढायची. मला राग आला. माझं आयुष्य त्याने चहा गाळावा तसं गाळून टाकलं.

खोटं बोलणार नाही, गडी प्रामाणिक होता. ओळ सोडली नाही. फक्त त्याला माझी नावं कळली नाहीत, म्हणून त्याने सगळ्या परिच्छेदांना क्रमांक दिले. आणि जावाची रीत वेगळी. तिथे प्रत्येक परिच्छेदाची स्वतंत्र खोली होते, दार लावलेलं असतं, आणि हाक मारल्याशिवाय आतला कोणी बाहेर येत नाही. शेवटी त्याने एक सूचना दिली: अमुक क्रमांकाच्या खोलीला कोणीच हाक मारत नाही, ती बिनकामाची दिसते.

ही सूचना हर्षिताने वाचली. हर्षिता निपाणीची, घरी मराठी, बाजारात कन्नड, कंपनीत नवी. तिने तिच्या वरिष्ठाला, पुण्याहून आलेल्या अजिंक्यला विचारलं, "ही एक मेथड कुणीच वापरत नाही. काढू का?"

"डेड कोड आहे. डिलीट कर," तो म्हणाला. "जुन्या लोकांना कचरा ठेवायची सवयच असते."

कचरा म्हणे. मला बोलता येत असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

मग काही आठवडे मला आणि जावातल्या नव्या प्रोग्रामला शेजारी शेजारी चालवलं. एकच नोंद दोघांकडे यायची, उत्तरं जुळली की पडद्यावर हिरवा ठिपका, नाही जुळली की लाल. मी अपूर्णांक एका तऱ्हेने तोडतो, नवा दुसऱ्या तऱ्हेने, त्यामुळे पडदा गोवर आल्यासारखा लाल झाला. अजिंक्य वैतागला. "मोठ्या माणसांना शेकड्यांनी मिलिग्रॅम जातात. पाचच्या आतला फरक ग्रीन दाखव. नाहीतर आपण इथेच रिटायर होऊ." त्याचं म्हणणं मोठ्या माणसांपुरतं खरंच होतं. प्रसूती विभाग तेव्हा जोडलेलाच नव्हता. तो जोडला अगदी शेवटच्या दिवशी सकाळी, आणि त्या दिवसापासून लेबलं नव्याची छापायची ठरली. माझं उत्तर फक्त तुलनेला.

त्या दिवशी खोलीत पूजा मांडली होती. नव्या मशीनला कुंकू, मल्लिगेचा म्हणजे मोगऱ्याचा हार, खाली लिंबू. दुपारी नारळ फोडायचा आणि मला बंद करायचं. हणमंतरावांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यांच्यासाठी शाल आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे फेटा, आणला होता. ते काठी टेकत आले आणि माझ्या मशीनवर नुसता हात ठेवून उभे राहिले. मला फार भरून आलं.

तेवढ्यात एक नोंद आली. "कावेरी यांचं बाळ." नवजाताला नाव नसतं, म्हणून आईच्या नावाने लिहितात. आदल्या दिवशी जन्मलेलं, अंगात संसर्ग पसरलेला. औषध त्या कच्च्या मूत्रपिंडांना न झेपणारं. मी उत्तर काढलं: चार. नव्याने काढलं: आठ. फरक पाचाच्या आत. ठिपका हिरवा.

मित्रांनो, माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी चारच म्हणत राहिलो. समोरच्या दालनात नव्याचं लेबल छापून निघालं आणि औषधालयातल्या हेमावतीअक्कांनी ते बाटलीला लावलं. त्यांनी का शंका घ्यावी? माझ्या खिडकीतून निघालेल्या लेबलाने त्यांना कधी फसवलेलं नव्हतं. आता नोंदीत एकच जागा रिकामी होती: ‘दिलं’. वॉर्डातली परिचारिका औषध टोचल्यावर तिथे खूण करते. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो.

इकडे हर्षिताला हणमंतरावांना भेट द्यायची होती, माझं एक पान चौकटीत घालून. त्यासाठी तिने माझा मूळ मजकूर पहिल्यांदाच उघडला. आजवर तिने फक्त भाषांतर वाचलं होतं. वाचता वाचता ती हसली.

"काका, हे मराठी आहे की. ‘वजन-घे’, ‘डोस-काढ’. आणि हे ‘बाळाला-बघ’ केवढं गोड आहे. थांबा, नव्यात ते कुठं बसलंय तेही दाखवते."

ती शोधू लागली. क्रमांक जुळवत गेली. मग तिचा हात थांबला.

"हे मी काढून टाकलंय," ती हळू म्हणाली. "याला कुणी बोलवतच नव्हतं, काका."

हणमंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "त्याला बोलवायचं कशाला ग? वरचं झालं की ते व्हायचंच. नुकत्या जन्मलेल्या लेकरांचा डोस तेच कमी करतंय. आज बाळंतिणींचा वॉर्ड जोडलाय म्हणालीस ना?"

अजिंक्यच्या हातात नारळ होता. तो म्हणाला, "पण सगळं ग्रीन आहे..." आणि वाक्य पुरं करायच्या आत त्यालाच पाचाची सवलत आठवली. त्याने नारळ खाली ठेवला.

हर्षिताने पडद्यावर आजची नवजातांची नोंद काढली. चार. आठ. हिरवा. ती औषधालयाकडे धावली.

"हेमावतीअक्का, कावेरींच्या बाळाचं औषध कुठं आहे?"

"ईगष्टे होय्तु मा," हेमावतीअक्का म्हणाल्या. आत्ताच गेलं.

हर्षिताने वॉर्डाला फोन लावला. तो कोणी उचलेना. अजिंक्य जिन्याकडे पळाला, लिफ्टची वाट बघायला थांबला नाही. ती पुन्हा फोन लावत राहिली आणि मी त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत मी एकाही नोंदीची अशी वाट पाहिली नव्हती. शेवटी फोन उचलला गेला आणि हर्षिता ओरडलीच, "सिस्टर, स्वल्प इरी, थांबा, कावेरींच्या बाळाला काही टोचू नका."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिचे डोळे मिटलेले होते. मला काहीच कळेना.

मग नोंद बदलली. ‘दिलं’च्या जागी शब्द आला: ‘रद्द’. थोड्या वेळाने हेमावतीअक्कांनी नवं औषध भरलं, चारचं, आणि लेबल स्वतः हाताने लिहिलं.

पूजा त्या दिवशी झाली नाही. अजिंक्यने ती पाचाची सवलत काढून टाकली आणि नवजातांच्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा दोघांकडून तपासून घेतल्या. तो हणमंतरावांना म्हणाला, "सर, कचरा म्हणालो होतो मी." ते म्हणाले, "सरी, आता बाळाकडं बघ." हर्षिताने काढलेली खोली परत बांधली. क्रमांक पुसून तिने दारावर मूळ नाव लिहिलं आणि ‘डोस-काढ’च्या शेवटी एक ओळ घातली, त्याला हाक मारणारी.

उद्या मला बंद करणार आहेत. माझी तक्रार नाही, म्हातारपणी खरखर कोणाला आवडते? मित्रांनो, जुनं घर सोडून नव्यात जाल तेव्हा खुशाल जा. पण ज्याला कोणी बोलवत नाही ते फेकण्याआधी, ते कोणासाठी आपण होऊन उठत होतं, एवढं एकदा विचारा. विचारायला माणूस उरला असेल तोवर विचारा.

कावेरीचं बाळ परवा घरी गेलं. आज सकाळी दुसरं एक आलं, त्यालाही अजून नाव नाही. नव्याने वजन घेतलं, डोस काढला आणि हाक मारली: बाळाला-बघ. आतून उत्तर आलं. ते माझ्या उत्तराशी जुळत होतं.