उपरण्याखालचा हात

छप्पन साली चाकणच्या बाजारात कांद्याचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. दोघांनी उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून सौदा ठरवायचा. मी तिथे दलाल होतो. वय एकतीस, चार घरचे नकार पचवलेले. त्यामुळे मोशीचे व्यापारी मालोजी यांनी आपली मुलगी शालन पाहायला बोलावलं, तेव्हापासून मी स्वतःला फार जपू लागलो.

नेमकी तेव्हाच डोळ्यांची साथ आली. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही येतात, असं सगळा बाजार सांगत होता. मग मी मान वर करेन तर शपथ. शेजारच्या गाळ्यातल्या चांदभाईंचे डोळे लालभडक झालेले. शनिवारी मी त्यांच्या चपलांकडे बघत सौदा केला. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, ते त्याच हाताने पुसलं आणि पुढच्याचा हात धरला. पुढचे होते मालोजी.

बुधवारी माझ्या पापण्या चिकटल्या. मुलगी पाहायची रविवारी. दवाखान्यात जाऊन म्हणालो, "पिंपरीला पेनिसिलीन निघतंय म्हणे. तेच टोचा."

"हा व्हायरस आहे, त्याला पेनिसिलीन लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "आठ-दहा दिवसांत आपोआप जाईल. तोवर डोळ्यांना लावलेला हात कुणाला लावू नका."

"पण मी कुणाकडे बघितलंच नाही."

"बघून येत नाहीत हो. हातानं येतात."

मला डॉक्टरांचाच राग आला. इतके दिवस मान मोडून घेतली ती फुकट.

रविवारी काळा चष्मा लावून मोशीला गेलो. पाचवा नकार ठरलेला, आणि खरं सांगतो, रडू येत होतं. दारात मालोजी उभे, त्यांनाही काळा चष्मा. मागे त्यांच्या पत्नी मंजुळाबाई, डोळ्यांवर ओलं फडकं. घरात एकट्या शालनचे डोळे स्वच्छ. ते तिने माझ्यावर रोखले.

"आबा, मागच्या शनवारी बाजारात कुणाचा हात धरला व्हता?"

"ह्यांचाच की."

मी पोह्यांची बशी घ्यायला हात पुढे केला. तिने बशी मागे ओढली.

"आदी धुवून या."

मी कोपरापर्यंत धुऊन आलो. आत ती आईला सांगत होती, "मानूस वाईट न्हाई. हात तेवढे वाईट हाईत."

वैशाखात लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला आणि भटजींनी मला हात पुढे करायला सांगितलं. शालनने तो आधी उलटा-सुलटा करून पाहिला, मग धरला.