चांगली उकळी

बाबांनी कप नाकाशी नेला आणि आधीच तोंड वाकडं करून ठेवलं. हिरवा चहा कडूजहर असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चाखून नव्हे, दुसऱ्याला पिताना पाहून. लेकीनं हट्टानं या चहाघरात आणलं नसतं, तर त्यांनी दुधाच्या चहाशी कधी बेइमानी केली नसती.

घोट घेतला आणि ते थबकले. कोवळ्या गवताचा वास, आणि गिळल्यावर जिभेवर मागाहून येणारी हलकी गोडी. काहीतरी गफलत असणार म्हणून दुसरा घेतला. तोही तसाच.

साखर घातलीये का, त्यांनी चहावालीला विचारलं. ती हसली. साखर लागतच नाही म्हणाली, फक्त पाणी जरा निवू द्यायचं आणि पानं लवकर गाळायची. उकळत ठेवली की सगळा कडूपणा पाण्यात उतरतो.

बाबांचा हात कपावरच राहिला. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळला होता. वाफ कमी पडली की काम कच्चं, एवढीच त्यांची अक्कल. डॉक्टरांनी बायकोला हिरवा चहा घ्यायला सांगितला, तेव्हा कधी चुलीपाशी न फिरकलेला हा माणूस रोज सकाळी पातेलं चढवू लागला. पानं टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचे. सत्त्व उतरायला नको का? ती डोळे मिटून प्यायची आणि कसा झालाय विचारलं की "छान झालाय" म्हणायची. अर्धा ठेवला तर हे रागवायचे, औषध आहे, नखरे नकोत. शेजारीपाजारी कौतुक करायचे आणि हे मिशांना पीळ देत ऐकायचे. ती गेल्यावर एवढंच समाधान त्यांच्या गाठीला होतं, की शेवटी शेवटी तरी आपण तिचं काही केलं. आणि त्या चहाचा एक घोट, एकदाही, स्वतः घेऊन पाहिला नव्हता.

"तिनं सांगायचं ना," ते पुटपुटले.

लेक टेबलावर सांडलेलं पाणी बोटानं पुसत राहिली. "मला सांगितलं होतं तिनं. म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी गॅस पेटवलाय माणसानं."

बाबांना इतकी लाज वाटली की मान वर होईना. त्यांनी चहावालीकडे आणखी एक कप मागितला. पानं टाकून चांगला खळखळ उकळलेला.

"अहो, तोंडात धरवणार नाही."

"असू दे."

आला तो काळपट. जीभ आखडली, घोट घशाशी अडला, डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं कप काढून घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला. अर्धा ठेवायचा नव्हता. शेवटचा घोट गिळून त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

चहावाली काळजीनं बघत होती. कसा झालाय, तिनं विचारलं.

"छान झालाय," बाबा म्हणाले.